आजारी कोंबडीची शुश्रूषा : आधी ऊब, मग पाणी, मग औषध

कोंबडी आपलं दुखणं होता होईल तेवढं लपवते. कळपात राहणाऱ्या आणि कुणाचं ना कुणाचं भक्ष्य असलेल्या पाखराला ते लपवावंच लागतं. ती अशक्त दिसली की मुंगूस, घार, कुत्रं तिच्यावर टपून बसतं आणि तिच्याच खुराड्यातल्या इतर कोंबड्या तिला टोचू लागतात. म्हणून ती दाण्यांवर चोच मारत राहते, पण दाणा उचलत नाही. बाकीच्यांबरोबर फिरते, पण एक पाऊल मागे. ज्या दिवशी ती कोपऱ्यात पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली आपल्याला दिसते, त्या दिवशी तिचं दुखणं बहुधा दोन-चार दिवसांचं झालेलं असतं.

अशा वेळी आपल्याकडे दोन प्रकार होतात. कुणी म्हणतं, मरायच्या आत सुरी फिरवा. कुणी धावत मेडिकलमध्ये जाऊन, माणसाची गोळी चुरून तिच्या चोचीत घालतं. पहिल्या सल्ल्याने आजारी पाखराचं मांस घरात येतं आणि साथीचा रोग असेल तर तो हात, सुरी, पिसं यांवाटे पसरतो. दुसऱ्याने वाचू शकणारी कोंबडी जाते. परसात, अंगणात किंवा गच्चीवर चार-सहा कोंबड्या मायेने पाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आजारी कोंबडी पहिल्या काही तासांत तगते ती बहुतेकदा ऊब, पाणी आणि शांतता यांवर. औषधाची पाळी त्यानंतरची, आणि तीही रोग काय आहे ते कळल्यावर.

निरोगी कोंबडी कशी दिसते, ते आधी पाहून ठेवा

रोज सकाळी खुराडं उघडताना दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. निरोगी कोंबडी दार उघडताच बाहेर झेपावते, दाण्यावर तुटून पडते. डोळे गोल, उघडे आणि चकचकीत असतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लालभडक असतो. तो फिका पडला तर रक्त कमी झालेलं असू शकतं. जंत, उवा, आतला रक्तस्राव अशी त्याची कारणं असतात. तुरा निळा-जांभळा झाला तर श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडलेलं आहे, थांबायला वेळ नाही. कडकनाथ पाळणाऱ्यांना मात्र तुऱ्याच्या रंगावर विसंबता येत नाही, कारण तिचा तुरा, कातडी, तोंडाचा आतला भाग सगळंच काळसर असतं. तिची पारख चाल, भूक आणि विष्ठेवरून करायची.

गळ्याखाली, छातीच्या किंचित उजवीकडे अन्नाची पिशवी असते. रात्री झोपताना ती भरलेली आणि सकाळी रिकामी असली पाहिजे. सकाळी उठल्यावरही ती टणक किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली, तर पचन अडलं आहे.

विष्ठा हा रोजचा अहवाल समजा. तपकिरी-करडी गोळी आणि वर पांढरी टोपी, ही नेहमीची. त्यात अधूनमधून गडद, चिकट, उग्र वासाची विष्ठा पडते, तीही नेहमीचीच. आतड्याच्या एका वेगळ्या भागातून ती येते. पाण्यासारखी हिरवी, रक्ताने माखलेली किंवा दिवसभर नुसती पांढरी पातळ विष्ठा मात्र आजाराची.

आणखी एक सवय लावून घ्या: आठवड्यातून एकदा कोंबडीच्या छातीच्या मधल्या हाडावरून बोटं फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक. हाड धारेसारखं वर आलेलं लागलं, तर पिसांच्या झुलीखाली ती वाळत चालली आहे. जमलं तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. गावठी कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची. त्यात शंभर-दीडशे ग्रॅमची घट म्हणजे तिच्यासाठी मोठीच.

दोन गोष्टींना आजार समजू नका. खुडूक बसलेली कोंबडीही पिसं फुलवून एका जागी बसते, अंडी द्यायची थांबते आणि कमी खाते. पण हात नेला की ती गुरगुरते, टोचते, आणि तिचे डोळे तेजस्वी असतात. ती 21 दिवस अंडी उबवायच्या तयारीत असते. तसंच वर्षातून एकदा, बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत कधीतरी, कोंबड्या जुनी पिसं टाकतात. त्या काळात त्या ओंगळ दिसतात, अंडी बंद होतात. त्यांना प्रथिनं जास्त द्या, औषध नको.

हातात घ्यायची रीत

आजारी कोंबडी पकडताना अंगणभर पाठलाग करू नका. त्या धावपळीनेच ती कोसळू शकते. संध्याकाळी ती दांडीवर बसल्यावर किंवा डोक्यावर हलका पंचा टाकून उचला. अंधार झाला की कोंबडी शांत होते. दोन्ही पंख अंगाशी धरून तिला काखेत घ्या, पाय दुसऱ्या हाताच्या बोटांमध्ये.

छाती दाबून धरणं फार धोक्याचं. माणसासारखं श्वासपटल कोंबडीला नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच तिच्या अंगातल्या हवेच्या पिशव्यांमध्ये हवा आत-बाहेर होते. घट्ट आवळलेली कोंबडी नाक-तोंड मोकळं असूनही गुदमरते. बाजारात नेतात तशी पाय धरून उलटी टांगणं तर आजारी पाखराला जीवघेणं ठरतं: पोटाचा भार श्वासावर येतो आणि अन्नपिशवीतलं पाणी श्वासनळीत उतरतं.

पहिला तास

सर्वांत आधी वेगळी करा. एक मोठं खोकं, डालं किंवा जुना पिंजरा घ्या. खाली कोरडा कपडा किंवा जुनं कापड अंथरा; वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय घसरतात. जागा वाऱ्याचा झोत नसलेली, शांत, कुत्र्या-मांजरांपासून सुरक्षित असावी. तिची भांडी वेगळी. आधी निरोगी कोंबड्यांचं दाणापाणी करून मग आजारी कोंबडीकडे जायचं, उलट कधी नाही; आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

दुसरी ऊब. कोंबडीच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण 41 अंश सेल्सिअस असतं. आपल्या तळहाताला ती एरवीही तापलेलीच लागते. म्हणून ‘अंगात ताप आहे’ असं समजून लोक तापाची गोळी देतात, ती चूक. आजारी, न खाणारी कोंबडी एवढी उष्णता टिकवू शकत नाही आणि ती टिकवण्यातच तिची उरलीसुरली ताकद खर्ची पडते. खोक्याच्या एका टोकाला 40 किंवा 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. वीज नसेल तर गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि गार होताच बदला. त्या टोकाला साधारण 27 ते 30 अंश ऊब पुरे. दुसरं टोक गार असू द्या, म्हणजे नकोसं झालं की तिला सरकता येईल. ती चोच उघडून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली.

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये हे सगळं उलटं. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून ती धापत असेल तर तो उष्माघात आहे. तिला सावलीत, वाऱ्यावर न्या, पाय गार पाण्यात बुडवा, भोवती ओलं गोणपाट टांगा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका, धक्क्याने ती दगावू शकते.

तिसरं पाणी. धडधाकट कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. आजारी पडली की आधी पाणी सुटतं आणि त्यामुळेच ती झपाट्याने खालावते. उथळ वाटीत कोमट पाणी ठेवा, चोच अलगद त्यात टेकवून दाखवा. जुलाब असतील तर ओआरएसची पुडी, माणसांसाठी सांगितलेल्याच्या दुप्पट पाण्यात विरघळवून, एखादा दिवस द्या. शेजारी साधं पाणीही हवंच.

चोच उघडून पाणी ओतायचं मात्र नाही. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे, उघडंच असतं. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. सुई काढलेली सिरिंज किंवा ड्रॉपर घेऊन चोचीच्या कडेवर एकेक थेंब सोडा आणि ती गिळेपर्यंत थांबा. मान टाकलेल्या, गिळता न येणाऱ्या कोंबडीला तोंडाने काहीच देऊ नका. तिला डॉक्टरच हवा.

चौथं खाणं, तेही अंगात ऊब आली आणि पाणी प्यायली की. उकडून कुस्करलेलं अंडं, कोमट पाण्यात भिजवलेलं तिचं नेहमीचं खाद्य, मऊ शिजवलेला भात, ज्वारी-बाजरीच्या शिजवलेल्या कण्या, असं थोडं थोडं दिवसातून चार-पाच वेळा पुढे ठेवा. दिवसा तिच्याजवळ उजेड असू द्या, अंधारात कोंबडी खात नाही. उष्ट्यातली आमटी, लोणचं, फरसाण, पापड, खारवलेली सुकट देऊ नका. जास्तीचं मीठ कोंबडीला विषासारखं आहे. कच्चा राजमा, बटाट्याची हिरवट सालं, बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड हेही वर्ज्य. पावसाळ्यात दमट झालेल्या धान्यावरच्या बुरशीचं विष यकृतावर बेततं.

कुत्रं, मुंगूस, मांजर: जखमांची देखभाल

हल्ल्यातून सोडवलेली कोंबडी आधी धक्क्यात असते: पाय थंड, तुरा फिका, डोळे अर्धमिटले. रक्त वाहत नसेल तर लगेच धुणं-पुसणं करू नका. तासभर अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधेमधे उघडून पाहू नका. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त असतं अंदाजे 100 मिलिलिटर. आपल्याला चमचाभर वाटणारं रक्तही तिच्या हिशेबात बरंच असतं. तुटलेल्या नखीतून किंवा मोडलेल्या कोवळ्या पिसातून रक्त येत असेल तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

ती सावरली की पिसं बाजूला करून सगळं अंग तपासा. सुळ्यांची भोकं बारीक असतात आणि पिसांखाली दिसत नाहीत. पाठ, पंखांखाली, मांड्या, शेपटीचा बुंधा, काही सोडू नका. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून त्या पाण्याने जखम सिरिंजने धुऊन काढा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड, टर्पेंटाइन, फिनेल, रॉकेल, जळकं ऑइल यांतलं काहीही लावू नका. जखमेबरोबर चांगली कातडीही त्याने जळते. खोल जखमेत हळद ठासून भरू नका. तिची पेंड बनते आणि आत घाण कोंडली जाते. बधिरता आणणारी मलमं पाखरांना घातक ठरू शकतात, म्हणून ट्यूबवरची नावं वाचल्याशिवाय घरातलं मलम वापरू नका.

मांजराचा चावा दिसायला किरकोळ असला तरी त्यासोबत आत गेलेले जंतू एक-दोन दिवसांत सगळ्या अंगात पसरतात. चावा कुणाचाही असो, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

दोन शत्रू यानंतर येतात. पहिला माशा: उघड्या जखमेवर त्या अंडी घालतात आणि दिवसाच्या आत अळ्या दिसू लागतात. जखमी कोंबडीला जाळीच्या आत ठेवा आणि जखम सकाळ-संध्याकाळ पाहा. अळ्या दिसल्या तर चिमट्याने काढा, मिठाच्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे न्या. दुसरा शत्रू तिच्याच सोबतिणी. लाल रंग दिसला की कोंबड्या तिथे टोचतातच आणि एका जखमेची दहा भोकं करतात. कातडी भरून पिसं उगवू लागेपर्यंत ती जाळीपलीकडेच बरी.

हाड मोडलं असेल तर घरी ओढून बसवायचा प्रयत्न करू नका. लोंबणारा पंख नेहमीच्या ठेवणीत अंगाशी आणून, पंच्याच्या पट्टीने सैलसर बांधा. छाती आवळली जाता कामा नये. पंखाचं वरचं हाड पोकळ असतं आणि हवेच्या पिशवीशी जोडलेलं असतं. ते मोडून बाहेर आलं असेल तर त्या जखमेत पाणी ओतू नका. पाखरांची हाडं लवकर जुळतात, बऱ्याचदा तीन आठवड्यांत, पण जशी बसवाल तशीच जुळतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठा.

लंगडणाऱ्या कोंबडीचा तळवा उलटा करून पाहा. मध्ये काळी खपली आणि भोवती सूज असेल तर तिथे गळू आहे. उंच दांडीवरून टणक जमिनीवर उडी मारून किंवा काटा लागून ते होतं. पाखराचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. दाबून तो बाहेर येत नाही आणि संसर्ग खोल जातो. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवणं आणि मऊ पट्टी बांधणं इतकं घरी करा. कापायचं काम डॉक्टरचं. दांडी दीड-दोन फुटांवर आणा, खाली भुसा किंवा पेंढा घाला. पायांवरचे खवले उचलून खडबडीत झाले असतील तर तो सूक्ष्म किड्यांचा उपद्रव. पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा जाड थर दिला की ते गुदमरतात. काही आठवडे नेमाने करावं लागतं.

अंडं अडकलं तर

तलंगेचं पहिलं अंडं, फार लठ्ठ कोंबडी किंवा चुन्याची कमतरता, यांत अंडं वाटेत अडकतं. कोंबडी पुन्हा पुन्हा अंड्याच्या जागेवर जाते, जोर करते, शेपूट खाली पाडून ताठ उभी राहते, विष्ठा थांबते. तिला कोमट पाण्यात, हाताच्या कोपराला सुखद वाटेल इतक्याच, पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा. मग कोरडी करून उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवा, मागच्या बाजूला थोडी पेट्रोलियम जेली लावा. लहान मुलांसाठीचं पातळ कॅल्शियम डॉक्टरांना फोनवर विचारून, थेंबाथेंबाने देता येतं. तासा-दोन तासांनी हेच पुन्हा करा. पोट दाबून अंडं ढकलू नका आणि आतल्या आत फोडू तर मुळीच नका. कवचाच्या धारेने आतली नळी चिरते. त्या दिवसात अंडं सुटलं नाही किंवा कोंबडी मलूल होऊ लागली तर दवाखाना.

एका अंड्याच्या कवचासाठी कोंबडीच्या अंगातून सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. कोकण-गोव्यात तो हाताशीच असतो. इतरत्र भाजून चुरलेली अंड्याची टरफलं चालतात. मागून लाल मांस बाहेर लोंबत असेल तर अंग बाहेर आलं आहे. ते मिठाच्या पाण्याने ओलं ठेवून, कोंबडीला अंधारात एकटी ठेवून लगेच डॉक्टरकडे न्या. इतर कोंबड्या ते टोचून आतडी ओढतात.

अन्नपिशवी सकाळी टणक लागली तर कोमट पाण्याचे थेंब देऊन, बाहेरून हलक्या हाताने चोळा आणि खाणं काही तास थांबवा. आंबूस वास आणि पाण्याचा फुगा असेल तर तो बुरशीचा आजार असतो. उलटी टांगून पिशवी रिकामी करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तिने कोंबड्या श्वास कोंडून मरतात.

साथीचे आजार ओळखा

एक कोंबडी आजारी पडली तर शुश्रूषा. दोन दिवसांत तीन पडल्या तर साथ. असं झालं की आधी डॉक्टरला फोन करा.

*राणीखेत किंवा मानमोडी.* हिरवी पातळ हगवण, चोच उघडून श्वास, मग मान पिळवटणं आणि पंख-पाय लुळे पडणं. या विषाणूवर औषध नाही. वाचलेल्या कोंबडीची मान कधी कधी वाकडी राहते, पण हाताने भरवल्यास ती जगते. माणसाच्या डोळ्यांनाही या विषाणूने दाह होतो, म्हणून हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

*देवी.* तुरा, पापण्या, चोचीच्या कडेला चामखिळीसारखे फोड येऊन काळ्या खपल्या धरतात. डासांमुळे पसरते, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. खपल्या खरवडू नका, त्यांतच विषाणू असतो. आयोडीनचा बोळा फिरवा, डोळे मिठाच्या पाण्याने पुसा, दिसत नसेल तर भरवा. फोड बाहेरच असतील तर बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत बऱ्या होतात. घशात पांढरे चट्टे आले तर धोका मोठा.

*रक्ती हगवण.* तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत जास्त. ओल्या, दमट अंथरुणात तिचे सूक्ष्म जीव वाढतात. यावर चांगली औषधं आहेत आणि वेळेवर दिली तर पिल्लं वाचतात. ताज्या विष्ठेचा नमुना दवाखान्यात न्या. अंथरूण त्याच दिवशी बदला.

*मरेक्स.* तलंगेचा एक पाय पुढे, एक मागे असा फाकतो. लचक समजून लोक चोळत बसतात. हा विषाणू नसांवर येतो आणि त्यावर उपचार नाही. लस एक दिवसाच्या पिल्लालाच द्यावी लागते. पिल्लं घेताना ती दिली आहे का, ते विचारा.

*बर्ड फ्लू.* देशात तो पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर इथे, फेब्रुवारी 2006 मध्ये. अचानक एकामागून एक मरतूक, डोकं सुजणं, तुरा निळा पडणं, असं दिसलं किंवा आसपास कावळे, बगळे मेलेले आढळले, तर पाखरांना हात लावू नका, शवविच्छेदन घरी करू नका, कोंबड्या विकू किंवा वाटू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्याने हे कळवणं बंधनकारक आहे.

औषधाच्या आधी दोनदा थांबा

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या पाखरांच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं जवळजवळ नामशेष झाली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. कोंबडीलाही ते विषारी आहे. वेदनेवर सुरक्षित औषध आहे, पण त्याची मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टर ठरवतील.

प्रतिजैविकं विषाणूंवर चालत नाहीत. राणीखेत किंवा देवीत ती दिली तर फायदा दुय्यम संसर्गापुरता, तोही डॉक्टरांना वाटलं तर. शेजाऱ्याकडची उरलेली बाटली, अंदाजाने दोन झाकणं, तीन दिवसांनी बरी दिसली म्हणून बंद, असं केल्याने जंतू निगरगट्ट होतात आणि पुढच्या खेपेला खऱ्या गरजेलाही औषध लागू पडत नाही. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका, कुणाला देऊही नका.

डॉक्टरकडे जाताना

‘कोंबडीसाठी कुठे डॉक्टर’ असा संकोच बाळगू नका. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोंबडीसाठीही आहे. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत तज्ज्ञ भेटतात. शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी ते पाखरं पाहतात का, हे फोनवर विचारा.

जाताना वय, जात, शेवटचं अंडं कधी घातलं, कुठली लस कधी दिली, खाणं कधी सुटलं, शेतात किंवा अंगणात नुकतीच फवारणी झाली का, हे लिहून न्या. ताजी विष्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि चालीचा किंवा श्वासाचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर असू द्या. दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेली कोंबडी पुन्हा दुखणं लपवते, तो व्हिडिओ लपवत नाही.

लगेच निघायला लावणारी लक्षणं ही: चोच उघडून श्वास, न थांबणारं रक्त, मान पिळवटणं, उभं न राहता येणं, तुरा निळा पडणं, चोवीस तास अन्नपाणी बंद.

पुन्हा कळपात

कोंबड्यांच्या कळपात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ टोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा प्रथम शास्त्रीय अभ्यास मांडला. आठवडाभर दूर राहिलेली कोंबडी परत येते तेव्हा तिची जागा गेलेली असते. ती नवखी ठरते आणि मार खाते. दुखणं संसर्गजन्य नसेल, नुसती जखम असेल, तर तिचा पिंजरा पहिल्या दिवसापासून बाकीच्यांच्या नजरेसमोर ठेवा. बरी झाल्यावर दोन-तीन दिवस जाळीच्या आडून शेजार द्या, मग संध्याकाळी अंधार पडताना दांडीवर इतरांशेजारी बसवा. पहिल्या दिवशी दाणा-पाणी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे तिला हाकललं तरी ती उपाशी राहणार नाही. चार-दोन टोची चालतात. रक्त दिसलं की पुन्हा वेगळी करा. संसर्गाच्या आजारातून उठलेली कोंबडी मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच परत न्यावी.

वाचणार नसेल तेव्हा

कधी कधी सगळं करूनही कोंबडी उठत नाही. खात नाही, उभी राहत नाही, श्वास ओढत राहते आणि डॉक्टर सांगतात की यापुढे नुसत्या यातना. अशा वेळी तिला डॉक्टरांच्या हातून वेदनेविना सोडवणं हासुद्धा शुश्रूषेचाच भाग आहे. त्यात अपराधी वाटून घेऊ नका. आजाराने किंवा औषध चालू असताना गेलेली कोंबडी खाऊ नका, उकिरड्यावर, ओढ्यात टाकू नका, कुत्र्यांना घालू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कारण कळलेलं नसेल आणि मागे इतर कोंबड्या असतील, तर डॉक्टरांना विचारून शवविच्छेदन करून घ्या. त्यासाठी कलेवर दुहेरी पिशवीत बर्फावर ठेवून लवकर न्यायचं, गोठवायचं नाही. बर्ड फ्लूची शंका असेल तर हेही स्वतः करू नका.

लस आणि तयारी

राणीखेत आणि देवी हे दोन्ही रोग औषधाने बरे होत नाहीत आणि लशीने टळतात. राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी ही लस टोचून. देवीची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. तुमच्या भागातलं नेमकं वेळापत्रक दवाखान्यातून घ्या.

अडचण अशी की लशीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि कालवल्यावर ती बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कुणी कुपी फोडत नाही, म्हणून घरगुती कोंबड्या लशीविना राहतात. यावर उपाय आपल्याच हातात आहे. वाडीतल्या, आळीतल्या, सोसायटीतल्या कोंबड्या पाळणाऱ्या घरांनी यादी करावी, एक दिवस ठरवावा आणि दवाखान्यातून माणूस बोलवावा. शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस मिळाली तर आपल्याही कोंबड्यांचा धोका कमी होतो.

बाकीची तयारी एका डब्यात मावते: पोव्हिडोन आयोडीन, मीठ, ओआरएस, कापसाच्या पट्ट्या, चिकटपट्टी, सुई नसलेल्या दोन सिरिंजा, चिमटा, पेट्रोलियम जेली, कॉर्नफ्लोअर, पिवळा बल्ब आणि झाकणावर डॉक्टरांचा क्रमांक. खुराड्याच्या फटी महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात रात्री तपासा. रक्त पिणारे लाल किडे दिवसा तिथे लपतात. भिंतींना चुना मारा, लोळायला राख मिसळलेली कोरडी माती ठेवा, जाळी मुंगसाचं डोकं शिरणार नाही इतकी बारीक घ्या. हा डबा आणि लशीची यादी येत्या रविवारीच तयार करा. आजार आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते सोपं आहे, आणि कोंबडीच्या जिवाला त्याचा आधार मोठा आहे.